येतो डॉट बॅट

सेनगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झालो, त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली. ऑफिसच्या दारातून डोकावून मी "बाबू, जातो मी" म्हणालो आणि चालू लागलो. फाटकापाशी पोचतो न पोचतो तोच मागून हाक आली, "खंदारे सर! ओ खंदारे सर! तुमचं काई तरी राहिलं!" मी खिसे चाचपले. किल्ली होती, चष्मा होता, डबा पिशवीत होता. तरी अख्खं मैदान ओलांडून परत आलो. आमचे क्लार्क राठोडबाबू खुर्चीत ताठ बसून होते.

"काय राहिलं?"

"शब्द राहिला. जातो म्हनू नये सर. येतो म्हना."

मी "येतो" म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा कागद ओढला. माझी सुटका झाली.

आता जाताना जातो म्हणू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं? आपल्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असतं. पण घाईत निघून जातो शब्द. दुसरीकडे कुणी हळूच टोकतं आणि विषय संपतो. राठोडबाबू माणसाला दोनशे पावलं उलटं चालवत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांची जीप त्यांनी फाटकात अडवली होती. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र काच खाली करून मुकाट्यानं "येतो" म्हणाले आणि मगच जीप हलली. पोरं बाबूंना मागून येतोबाबू म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं.

बाबू उंच, शिडशिडीत, पन्नाशीच्या आसपासचे. सेनगावपासून दहा-अकरा किलोमीटरवरच्या तांड्यावर राहत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. "आज्यानं मीठ वाह्यलं, मी माहिती वाहतो. माल बदलला, धंदा तोच," असं ते सांगत. हे त्यांनी सांगायला सुरुवात केली ती शाळेत कॉम्प्युटर आल्यावर.

तो कॉम्प्युटर कुठल्याशा कचेरीनं वापरून झालेला, दान म्हणून आला होता. हेडसरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि घरचा टेबलक्लॉथ आणून त्याच्यावर पांघरला. पुढे वर्षभर तो टेबलक्लॉथ उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. बाबूंची झाली. हिंगोलीला पंधरा दिवस एका क्लासला जाऊन आले आणि येताना एका पुस्तकाच्या झेरॉक्स घेऊन आले. मशीनला द्यायचे हुकूम त्यात एबीसीडीच्या क्रमानं होते, पण झेरॉक्सवाल्यानं मधली पानं खाल्ली होती. एफपर्यंत सगळं होतं आणि मग एकदम एक्सचं पान. त्यामुळे बाबूंना कॉपी येत होतं, इको येत होतं, एक्सकॉपी येत होतं. सगळं पुसून टाकणारं फॉरमॅटही येत होतं, त्याची आम्हाला धास्ती होती. मधल्या मुलखात काय आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

एवढ्या शिदोरीवर त्यांनी शाळेची सगळी पोरं मशीनमध्ये भरली. पण आमच्याकडची लाईट. दिवसातून तीनदा जाणार, आणि जाताना काय घेऊन जाईल याचा नेम नाही. म्हणून बाबू रोज संध्याकाळी सगळ्या माहितीची नक्कल फ्लॉपीवर घेत. त्याला बॅकअप म्हणतात, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की आमचे गफूरभाई शिपाईसुद्धा घंटा वाजवायचे हातोडे दोन-दोन ठेवू लागले. या बॅकअपला नऊ हुकूम लागत. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

एक दिवस मी आठवीत प्राणवायू तयार करत होतो आणि बाबू धावत वर्गात शिरले. हातात झेरॉक्स. "सर, सापडलं! बीच्या पानावर व्हतं! मशीनला चिठ्ठी लिवता येते!"

मी प्राणवायू तसाच सोडून ऑफिसात गेलो. हेडसरांना बोलावलं होतं, गफूरभाई दारात उभे होते.

"सर," बाबू हेडसरांना म्हणाले, "तुमी रोज सकाळी गफूरभाईला सांगता, घंटा वाजव, माठ भर, फळे पूस. रोज तीच तकलीफ. त्यापरीस ही समदी कामं एका कागदावर लिवून ठेवली आन् कागदाला नाव दिलं, तं नुस्तं नाव घेतलं की गफूरभाई लागले कामाला. बराबर? तशी ही बॅच फाइल. नऊ हुकूम एका चिठ्ठीत. मी एक शब्द हानला की मशीन आपलं आपलं करून राहतंय!"

"बाबू, मेरेकू चिठ्ठी मत देओ," गफूरभाई घाईनं म्हणाले. "मैं बोलने से ही बराबर करता."

चिठ्ठीला नाव काय द्यायचं, यावर बाबू दोन दिवस अडून बसले. पुस्तकात बॅकअप असं नाव सुचवलं होतं. ते त्यांना पटेना. "माहिती फ्लॉपीवर निघून राहिली, सर. निघनारानं काय म्हनावं?" म्हणून बॅकअप घ्यायच्या चिठ्ठीचं नाव पडलं येतो डॉट बॅट. डॉट बॅट हे अशा प्रत्येक चिठ्ठीचं आडनाव. रोज संध्याकाळी बाबू इंग्रजी अक्षरांत येतो लिहीत, फ्लॉपीची करकर सुरू होई आणि शेवटी पडद्यावर उमटे, 'सावकाश जा. लवकर ये.' हेडसर खांद्यावरून हे बघत उभे राहत. मशीनला एवढी रीतभात आहे, याचं त्यांना भारी कौतुक वाटे.

फ्लॉपीवरची माहिती परत मशीनमध्ये आणायच्या, हिंगोलीच्या क्लासच्या भाषेत रिस्टोअरच्या, चिठ्ठीचं नाव अर्थातच आलो. पण तिच्यात एक अडचण निघाली. जुनं परत आणलं की ते नव्यावर बसतं, नवं पुसलं जातं. तेव्हा आधी विचारून खात्री करायला हवी. त्यासाठी जो हुकूम लागतो तो 'जर'चा, म्हणजे इफ. आणि तो आयच्या पानावर, झेरॉक्सवाल्यानं खाल्लेल्या मुलखात.

"सर, आपल्या पुस्तकात जर न्हाई!" बाबू कासावीस झाले. "जर नसल्यावर मानसानं जगावं कसं?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं हिंगोलीला गेले, क्लासवाल्याला गाठलं आणि संध्याकाळी तिकिटाच्या मागे जर लिहून परत आले. फाटकातूनच तिकीट हलवत ओरडले, "जर सापडला!" गफूरभाईंना वाटलं, कुणाचं पोरगं सापडलं.

"लई सोपं हाय सर. जरच्या खाली दोन वाटा. व्हय म्हनलं तं इकडची. न्हाई म्हनलं तं तिकडची, आन् तिकडं काईच मोडत न्हाई. चिठ्ठी गुमान थांबते."

मग आलो लिहिलं की मशीन आधी विचारू लागलं, 'खरंच आलास?' होकाराचं वायचं बटण दाबलं की माहिती परत येई, आणि सगळं सुखरूप उतरल्यावर पडद्यावर उमटे, 'बस. पाणी पी. जेवून घे.'

मी पोट धरून हसलो. "बाबू, मशीनला जेवायला घालता?"

"येनारा दमून येत असतो, सर," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

बॅकअप दोन फ्लॉप्यांवर. एक ऑफिसच्या कपाटात, दुसरी रोज डब्यात घालून घरी, नवी पोचेपर्यंत तिथंच. घरी कॉम्प्युटर कुठाय, असं विचारलं तर म्हणत, "घर तं हाय ना." आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत एखादी जुनी फ्लॉपी काढून तिच्यातली माहिती मशीनच्या वेगळ्या खणात उतरवून बघत. "बॅकअप कुनीबी घेईल. परत आनून बघितला का?" हे त्यांचं पालुपद. मी कुणाला छत्री दिली, हेडसरांनी शेजाऱ्याला सायकलचा पंप दिला, गफूरभाईंची बायको माहेरी गेली, सगळ्यांना हाच प्रश्न. "परत आनून बघितला का?" गफूरभाई एकदा चिडून खरंच सासुरवाडीला गेले आणि बायकोला घेऊन आले.

त्या वर्षी दहावीच्या यादीत पोरांच्या आईचं नावही हवं, असा निरोप आला. एकशे सात पोरं. बाबूंनी यादीला नवा खण पाडला आणि वर्गात विचारायला गेले. "आईचं नाव काय?" पहिलं पोरगं म्हणालं, "आई." दुसरं म्हणालं, "माय." तिसऱ्यानं सांगितलेलं नाव आजीचं निघालं. बाबूंनी सायकल काढली. तीन आठवडे गावं आणि तांडे पालथे घातले, एकेका बाईला विचारून नाव चिठ्ठीवर लिहून आणलं. एक बाई लाजून घरात पळाली. नाव विचारायला कुणी दारात आल्याची तिची पहिलीच वेळ होती. चिठ्ठ्या मशीनमध्ये भरून झाल्या, तशा हेडसरांनी कचरा नको म्हणून बंबात घालायला लावल्या.

यादी सोमवारी सकाळी हिंगोलीला पोचवायची होती. शनिवारी छापायची. दोन वाजता लाईनच्या कामासाठी लाईट जाणार होती, ती थेट रविवारी रात्री येणार होती. यादी चुकली, तर एकशे सात पोरांचं वर्ष पणाला.

त्या शनिवारी सकाळी बाबूंनी नेहमीप्रमाणे जूनमधली जुनी फ्लॉपी मशीनमध्ये घातली आणि ते चहा प्यायला बाहेर गेले. तेवढ्यात हेडसर आले. पडद्यावर रेघ लुकलुकत होती. आता रोज संध्याकाळी जाताना मशीनला येतो म्हणतात, हे त्यांनी वर्षभर पाहिलेलं. सकाळी आल्यावर काही न बोलता बसणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी एका बोटानं, शोधून शोधून, आलो लिहिलं.

मशीननं विचारलं, 'खरंच आलास?'

मुख्याध्यापकाला अरेतुरे केल्याचा त्यांना जरा राग आला. पण खरंच आले होते. त्यांनी वाय दाबलं. करकर झाली. 'बस. पाणी पी. जेवून घे.' हेडसर बसले, पाणी प्याले आणि बाबू आल्यावर कौतुकानं म्हणाले, "राठोड, आज मी स्वतः मशीनला आलो म्हणून सांगितलं हो."

बाबूंच्या हातातला कप खाली पडला.

जूनची माहिती आजच्या माहितीवर बसली होती. जूनमध्ये आईच्या नावाचा खणच नव्हता. एकशे सात लेकरं एका बोटानं बिनआईची झाली.

"काई हरकत न्हाई," बाबू म्हणाले. "कपाटात कालची हाय." कालची फ्लॉपी घातली. मशीन खरखरलं आणि म्हणालं, वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. बाबूंनी कपाटात हात घातला आणि फ्लॉपीच्या जागेमागून माझा घोड्याच्या नालेच्या आकाराचा चुंबक बाहेर काढला. त्याला दोन टाचण्या लटकत होत्या. आदल्या दिवशी सातवीचा तास संपवून मीच तिथे टाकला होता. चुंबक घड्याळाजवळ ठेवू नये, हे मी दरवर्षी शिकवतो. फ्लॉपीही चुंबकानं पुसली जाते, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरची!" मी ओरडलो. "बाबू, घरची फ्लॉपी!"

साडेअकरा झाले होते. बाबूंना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. सोयाबीन काढून झालेली रानं, खड्ड्यांचा रस्ता, समोरून माणसांनी खच्चून भरलेली जीप. स्कूटर दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी बाबू खाली उतरून ढकलू लागले आणि ढकलता ढकलता म्हणाले, "तीन आठवडे न्हाई सर, त्या बायांचं वाईट वाटून राहिलं. त्याह्यचं नाव पैल्यांदा कुठं तरी लिवलं गेलतं."

तांड्यावर त्यांची बायको शांताबाई ओसरीत तूर निवडत होती. बाबू चप्पल न काढता आत गेले, ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि स्टीलचा डबा बाहेर काढला. वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी. खाली पोस्टकार्डांची गड्डी, सुतळीनं बांधलेली. बाबूंनी फ्लॉपी खिशात ठेवली, डबा बायकोच्या हातात दिला आणि हाताची धूळ धुवायला मागल्या दारी गेले.

मी कार्डांकडे बघतोय हे शांताबाईंनी पाहिलं.

"आमच्या अनिलची हायती, गुरुजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्याकडं कारखान्यात हाय. दिवाळीला एक कार्ड येतं. नऊ आली. माझ्या नावानं येतेत, ह्याह्यचं नाव टाकत न्हाई. दहावीत नापास झालं पोरगं, हे लई बोलले. त्यानं पिशवी उचलली आन् म्हनलं, जातो. हे हितंच बसले व्हते. म्हनले, जा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "परत बलावून येतो म्हन म्हनायचं राहिलं. तेवढंच घोकून राहिले नऊ वर्सं."

"आणि कार्डं?"

"पाठ हायती त्यांना. पत्त्यासकट."

मला दुसऱ्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या फाटकातून परत बोलावलेली सगळी माणसं आठवली. जीपवाले साहेब, गफूरभाई, मी. आम्ही त्याला विक्षिप्तपणा म्हणत होतो.

परतीच्या रस्त्यात बाबू मागे बसून खिशावर हात दाबून होते. शाळेत पोचलो तेव्हा दोनला पंचवीस मिनिटं कमी होती. हेडसर ओसरीत येरझारा घालत होते. त्यांनी सकाळपासून कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता, दिव्याच्यासुद्धा. सगळे मास्तर मशीनभोवती जमले. मी चुंबक पार मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवला होता.

फ्लॉपी आत गेली. बाबूंनी आलो लिहिलं.

'खरंच आलास?'

बाबूंचं बोट बटणावर थांबलं. मग दाबलं गेलं. करकर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. गफूरभाईंनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'बस. पाणी पी. जेवून घे.'

काय आरडाओरडा झाला! गणिताचे मास्तर टाळ्या पिटू लागले, हेडसरांनी गफूरभाईंना मिठी मारली. बाबूंनी यादी उघडली. सखुबाई, जनाबाई, रमाबाई, धुरपताबाई, एकामागून एक सगळ्या आया आपापल्या लेकरांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. छपाई सुरू झाली. शेवटचा कागद फाडला आणि दहा मिनिटांत लाईट गेली.

पण मी यादीकडे बघत नव्हतो. पडद्यावर ती तीन वाक्यं होती तोवर बाबूंचे ओठ हलताना मी पाहिले होते. त्या ओळी मशीनसाठी नव्हत्याच. नऊ वर्षं एका माणसानं आपलं बोलणं तयार करून ठेवलं होतं, पोरगं दारात आलं की ऐनवेळी चुकू नये म्हणून.

सोमवारी यादी हिंगोलीला पोचली. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी ऑफिसात गेलो आणि दार लोटून घेतलं.

"बाबू, नऊ कार्डं जपून ठेवली. परत आणून बघितला का?"

बाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "जर न्हाई म्हनला तं?"

"जरच्या खाली दोन वाटा असतात, तुम्हीच शिकवलंय. नाही म्हणाला तर काही मोडत नाही."

त्यांनी टेबलक्लॉथ मशीनवर घातला, चारी कोपरे सारखे केले.

गुरुवारी हेडसरांनी मला घाबऱ्याघुबऱ्या बोलावलं. समोर बाबूंचा रजेचा अर्ज होता. इतक्या वर्षांतला पहिला. दोन दिवसांची रजा, आणि कारणाच्या रकान्यात वळणदार अक्षरांत एकच शब्द, रिस्टोअर.

"खंदारे, आता काय उडालं?" हेडसरांचा आवाज चिरकला. "मी कशालाही हात लावलेला नाही!"

"काही उडालं नाही, सर," मी म्हणालो. "सही करा."

त्यांनी सही केली. खिडकीतून फाटक दिसत होतं. बाबू हातात पिशवी घेऊन निघाले होते, कपडे इस्त्रीचे. फाटकात थांबले, वळले आणि ऑफिसकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "सर, येतो!"

हेडसरांना काय वाटलं कोण जाणे. ते उठून खिडकीपाशी गेले, गजांतून हात बाहेर काढला आणि रोज संध्याकाळी पडद्यावर वाचून पाठ झालेलं मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले, "सावकाश जा! लवकर या!"